सरबत करणारे यंत्र



दापोडी म्हटली की दोन गोष्टी आधी आठवतात. एक एस.टी.ची मोठी कार्यशाळा आणि दुसरे लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय. पुढे पिंपरी, भोसरी, चाकण असा कारखान्यांचा पट्टाच लागतो. आपल्याकडे घरटी एक माणूस तरी यंत्रावर काम करतो. असे असूनही "कॉम्प्युटर" हा शब्द निघाला, की आपल्या रात्रीच्या वर्गातली मंडळी हात मागे घेतात. "गुरुजी, ते शिकलेल्यांचं काम. आपल्याला काय कळणार?" असे म्हणतात.

मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. जन्मभर मराठी शाळेत शिकवले. कॉम्प्युटरची मलाही भीतीच वाटे. ती भीती एका सरबताच्या पेल्याने घालवली. ती हकिकत आज सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वर्गाचे स्नेहसंमेलन ठरले. माझा नातू तंत्रनिकेतनात शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, या वेळी सरबत यंत्र करील. बटण दाबलं की पेला भरेल. आणि यंत्र बाजारातून आणायचं नाही, घरीच करायचं."

मी म्हटले, "कर. पण एक अट आहे. वर्गातल्या प्रत्येकाला ते कसं चालतं, हे समजलं पाहिजे."

ही कल्पना काही आजची नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने देवळातल्या पाण्यासाठी एका यंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. नाणे टाकले की ते आतल्या तबकडीवर पडे. नाण्याच्या वजनाने दांडी कले आणि पाण्याची वाट उघडे. नाणे घसरून खाली पडले की वाट बंद होई. ना वीज, ना कॉम्प्युटर! पण "एवढेच पाणी द्यायचे आणि मग थांबायचे" हे त्या यंत्राला ठाऊक होते. आमच्या यंत्राचे काम तेच. फक्त दांडीच्या जागी कॉम्प्युटर आला.

यंत्राला काय काय लागते?

चार वस्तू लागतात. पहिली, पाक आणि पाणी ठेवायची भांडी. दुसरी, पाक ओढून पेल्यात सोडणारा पंप. तिसरी, कामाचा क्रम सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. चौथी, त्या दोघांच्या मध्ये बसणारा निरोप्या.

भांड्यांची गोष्ट आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. आंबट पदार्थ पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवत नाहीत. ठेवले तर कळकतात. म्हणून तर आपण भांड्यांना कल्हई करतो. कोकम आणि लिंबू दोन्ही आंबट. तेव्हा आम्ही काचेची बाटली आणि स्टीलची टाकी घेतली.

पंप कसा चालतो?

नातवाने आधी मोटारगाडीची काच धुण्याचा पंप आणला होता. आपल्या भागात तो सहज मिळतो. मी तो परत पाठवला. काच धुण्याचा पंप खाण्यापिण्याच्या वस्तूसाठी केलेला नसतो. त्याच्या आतल्या भागांना सरबत लागणार, आणि ते आपल्या पोटात जाणार.

मग दुसऱ्या जातीचा पंप आणला. त्याला पेरिस्टाल्टिक पंप असे अवघड नाव आहे. काम मात्र सोपे आहे. गाईची धार काढताना आपण काय करतो? सड वरून आवळतो आणि बोटे खाली आणतो. आतले दूध पुढे ढकलले जाते. या पंपात एक मऊ नळी असते. तिच्यावरून लहान लहान रूळ गोल फिरतात. रूळ नळीला दाबत पुढे जातो, तसा नळीतला पाक पुढे सरकतो. पाकाला स्पर्श होतो तो फक्त नळीचा. पंपाच्या लोखंडाचा किंवा तेलाचा होत नाही. दवाखान्यात डायलिसिसच्या यंत्रातून रक्त फिरवतात, ते याच रीतीने. आपल्या अन्ननलिकेतून घास पोटाकडे सरकतो, तोही असाच. नळी मात्र खाद्यपदार्थांसाठी चालणारी घ्यावी लागते.

कॉम्प्युटर म्हणजे केवढा?

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटर उभा केला. त्यात काचेच्या हजारो निर्वात नळ्या होत्या. आमच्या सरबत-यंत्राचा कॉम्प्युटर तळहातावर मावतो. त्याला आर्डुइनो म्हणतात. काही शे रुपयांत तो मिळतो.

या नावाची गंमत आहे. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ या गावी काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त आणि सोपा कॉम्प्युटर तयार केला. त्या गावात ही मंडळी ज्या मद्यगृहात बसत, त्याचे नाव आर्डुइनो राजावरून ठेवलेले होते. हा राजा हजार वर्षांपूर्वीचा. राजाचे नाव मद्यगृहाला, आणि मद्यगृहाचे नाव कॉम्प्युटरला! परदेशात हौशी लोक याच कॉम्प्युटरवर दारू मिसळण्याची यंत्रे करतात. आपण कोकम सरबत करू. यंत्राला दोन्ही सारखेच.

हा कॉम्प्युटर स्वतःच्या बुद्धीने काही करत नाही. आपण लिहून दिलेल्या सूचना तो एकामागून एक पाळतो, बस. आमच्या पहिल्या सूचना अशा होत्या:

१. बटण दाबले का ते पाहा.
२. पेला जागेवर आहे का ते पाहा. नसेल तर काही करू नका.
३. कोकमाचा पंप २० सेकंद चालू ठेवा. मग बंद करा.
४. पाण्याची तोटी १० सेकंद उघडी ठेवा. मग बंद करा.
५. पुन्हा पहिल्या सूचनेकडे जा.

या सूचना यंत्राच्या भाषेत इंग्रजी अक्षरांनी लिहाव्या लागतात. ते काम नातवाने केले. पण आधी मराठीत कागदावर वर्गाने लिहिल्या. नातू म्हणाला, "आजोबा, खरं काम हेच. क्रम नीट लागला की उरलेलं नुसतं भाषांतर."

निरोप्या कशाला?

कॉम्प्युटरच्या तारेतून फार बारीक प्रवाह येतो. त्यावर एक लहान दिवा लागेल, पंप फिरणार नाही. पंपाला १२ व्होल्टची वीज आणि कितीतरी अधिक प्रवाह लागतो. मग करायचे काय?

कालव्यावरचा पाटकरी आठवा. तो पाणी स्वतः ढकलत नाही. फक्त दार उचलतो, आणि मग पाणी आपल्या जोराने वाहते. आमच्या यंत्रात पाटकऱ्याचे काम रिले करतो. कॉम्प्युटरचा बारीक प्रवाह रिलेतल्या तारेच्या वेटोळ्यातून गेला की त्याचे लोहचुंबक होते. ते एक पट्टी ओढून घेते. "टक्" असा आवाज येतो आणि पंपाच्या विजेची वाट उघडते. पाण्याची तोटीसुद्धा अशीच विजेने उघडणारी होती.

त्रैराशिक आणि एक टिंब

आता प्रश्न असा, की पंप २० सेकंदच का? हे कोणी ठरवले? आम्हीच ठरवले, आणि मोजून ठरवले.

पंपाची नळी मापाच्या भांड्यात सोडली. घड्याळ लावून ३० सेकंद पंप चालवला. ४५ मिलिलिटर पाक आला. म्हणजे एका सेकंदाला किती? ४५ भागिले ३०, दीड मिलिलिटर. एका पेल्याला ३० मिलिलिटर पाक हवा. ३० भागिले दीड, २० सेकंद. हे तर आपले शाळेतले त्रैराशिक! एकदा मोजून भागत नाही. आम्ही तीनदा मोजले. आणि मोजायचे ते पाकानेच. पाण्याने मोजून पाकाला तेच माप लावू नये, कारण पाक दाट असतो.

दीड हा आकडा कॉम्प्युटरला १.५ असा द्यावा लागतो. नातवाने घाईत ०.१५ असा दिला. कॉम्प्युटरने हिशेब केला: ३० भागिले ०.१५, म्हणजे २०० सेकंद. बटण दाबले. पेला भरला, तरी पंप चालूच! ३० मिलिलिटरच्या जागी ३०० मिलिलिटर पाक आला असता. आम्ही खटका बंद करेपर्यंत टेबल, सतरंजी आणि माझे धोतर लालभडक झाले.

सगळे हसले. पण आमच्या वर्गातल्या एक बाई हसल्या नाहीत. त्या एका कारखान्याच्या उपाहारगृहात भांडी घासतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, एका टिंबानं एवढा फरक पडतो? माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर असलीच टिंबं असतात. मी कधी बघितलीच नाहीत. अंगठा देत आले."

दुसऱ्या दिवशी त्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या घेऊन वर्गाला आल्या. आम्ही प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला. रुपये कुठे संपतात आणि पैसे कुठे सुरू होतात, ते पाहिले. काय कापले आणि कशासाठी, तेही वाचले. हिशेब बरोबर होता. पण बरोबर आहे हे आता त्यांना स्वतःला कळले, आणि पुढच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली.

माठाची तोटी

पहिले चार पेले फक्कड झाले. दहावा पेला मात्र फार गोड लागला. पाक तेवढाच होता, पण पाणी कमी पडले होते. असे का व्हावे?

हे कोडे वर्गातच सुटले. एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, माठ भरलेला असला की तोटी जोरात येते. तळाला गेला की बारीक." अगदी खरे! पाण्याची उंची जास्त असली की तोटीवर दाब जास्त. टाकी रिती होत गेली तसा दाब कमी झाला. १० सेकंद तेवढेच, पण पाणी थोडे.

यंत्र फक्त घड्याळ पाहत होते. पेल्याकडे त्याचे लक्षच नव्हते. आपण कपात चहा ओततो तेव्हा घड्याळ पाहतो का? कपाकडे पाहतो. भरत आला की हात सावरतो. यंत्रालाही असे डोळे द्यायला हवे होते.

मग पेल्याखाली वजनकाटा बसवला. वाण्याच्या दुकानातल्या विजेच्या काट्यात असतो तसलाच. त्यात धातूची एक पट्टी असते. वजन पडले की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात आणि त्यांतून जाणाऱ्या विजेत फरक पडतो. तो फरक कॉम्प्युटर वाचतो.

पाण्याचे काम सोपे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम. १५० मिलिलिटर हवे, तर १५० ग्रॅम भरेपर्यंत तोटी उघडी ठेवा. पाक पाण्यापेक्षा जड. आमचा ३० मिलिलिटर पाक तोलला, तो ३८ ग्रॅम भरला. तेव्हा पाकासाठी ३८ हा आकडा लिहिला. आता टाकी भरलेली असो की अर्धी, पेला सारखाच भरू लागला.

घड्याळ मात्र आम्ही काढून टाकले नाही. त्याला राखण्याचे काम दिले. बाटली रिकामी झाली तर वजन कधीच भरणार नाही आणि पंप रात्रभर फिरत राहील. म्हणून एक सूचना वाढवली: "४० सेकंदांत वजन भरले नाही तर सगळे बंद करा आणि लाल दिवा लावा." चांगले यंत्र काम करते, पण काम बिघडले तर कुठे थांबायचे, हेही त्याला सांगून ठेवलेले असते.

पेल्याचे बटण

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सगळ्यांत महत्त्वाची.

पेला ठेवायच्या जागी एक लहान बटण होते. पेल्याने ते दाबले गेले तरच पंप सुरू होई. संमेलनाच्या दिवशी गर्दी झाली. पोरांना घाई. पेला थोडा वाकडा ठेवला की बटण दाबले जाईना. मग एका पोराने युक्ती केली. बटणावर रबर बांधून टाकले. आता पेला असो नसो, यंत्र "पेला आहे" असेच समजू लागले. काम भराभर होऊ लागले. दोनदा सरबत जमिनीवर सांडले. पोरांना त्याचे काय!

तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी तिथे आला. चौथीतून शाळा सोडून तो कामाला लागला होता. त्याने यंत्र पाहिले. काही न बोलता त्याने ते रबर सोडवले आणि खिशात टाकले. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटे नाहीत.

पोरे गप्प झाली. मग त्याने सांगितले. आपल्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात तो पत्रा कापायच्या प्रेसवर होता. त्या प्रेसला दोन बटणे होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येई. दोन्ही हात बटणांवर असले की हात प्रेसखाली असूच शकत नाहीत. एवढ्यासाठीच दोन बटणे. पण काम लवकर उरकावे म्हणून त्यातले एक बटण दाबून ठेवले होते. त्याच्या आधीच्या पाळीपासूनच ते तसे होते. बाजूला पाटी होती. "मला ती वाचता येत नव्हती, गुरुजी," तो म्हणाला, "आणि बटण दोन का, हे कुणी सांगितलं नाही."

मंडळी, प्रेस आणि आमचे सरबताचे यंत्र यांत जातीचा फरक नाही. दोन्हीकडे एक बटण यंत्राला विचारते, "आता सुरू करणं ठीक आहे का?" ते बटण बांधणे म्हणजे यंत्राशी खोटे बोलणे. सरबताच्या यंत्राशी खोटे बोललात तर जमीन ओली होईल. प्रेसशी बोललात तर हात जाईल. यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा असलाच पाहिजे, ही गोष्ट १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिली गेली. ती अनेकांच्या रक्तानेच लिहिली गेली, असे समजा. यंत्रावर बांधलेले, खुंटी मारलेले बटण दिसले, तर हात घालू नका. आधी मुकादमाला सांगा. एकट्याचे ऐकत नसतील तर चौघे मिळून सांगा.

माझा तो विद्यार्थी आता वर्गाला येतो. त्याने पहिल्या आठवड्यात वाचलेला शब्द "धोका" हा होता.

चार नियम

घरी कोणी असे यंत्र केले तर हे नियम पाळावेत.

भिंतीवरची २३० व्होल्टची वीज यंत्रात आणू नये. बाजारात १२ व्होल्टचा तयार अडॅप्टर मिळतो, तो पाण्यापासून दूर ठेवावा. यंत्राला हात लावण्यापूर्वी खटका बंद करावा.

तारा आणि कॉम्प्युटर वरच्या बाजूला ठेवावेत. पाणी सांडले तर ते खाली जाते.

पाणी उकळून गार केलेले घ्यावे. यंत्र कितीही हुशार असले तरी त्याला घाण पाणी ओळखता येत नाही. कावीळ अशाच पाण्यातून येते.

काम संपले की नळीतून कोमट स्वच्छ पाणी सोडावे. पाक आत राहिला तर आंबतो, आणि सकाळी मुंग्यांची रांग लागते. नळी चिरली किंवा काळवंडली तर ती बदलावी. नवी नळी घातली की पुन्हा मोजमाप करावे.

यंत्र आले, हाताचे काय?

आमच्या वर्गात येणाऱ्या एक बाई स्टेशनाजवळ सरबताची गाडी लावतात. त्यांनी सगळे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, असं यंत्र कुणी स्टेशनावर आणलं, तर माझी गाडी बंद व्हायची का?"

मी घड्याळ लावले. यंत्राला एक पेला भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला. बाईंनी दहा सेकंदांत केला, वर चिमूटभर जिऱ्याची पूड घातली. शिवाय लिंबू आज आंबट निघाले की कमी रस घालायचा, हे त्यांच्या जिभेला कळते. यंत्राला जीभ नाही.

पण खोटा दिलासा मी दिला नाही. यंत्रे सुधारतात. आज मंद आहे ते उद्या जलद होईल. "मात्र यंत्र काय करतं आणि काय करत नाही, हे ज्याला कळतं, त्याला ते सहज बाजूला सारू शकत नाही," असे मी म्हटले. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग तो काटा तेवढा मला शिकवा. पाकात साखर किती जाते, ते मी आजवर अंदाजानंच धरते." आता त्या पाक तोलून करतात आणि रोजचा खर्च वहीत लिहितात.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत करत विज्ञान शिकवायचे, ही त्यांची रीत. आधी करून पाहायचे, मग का ते विचारायचे. आमच्या वर्गाने नकळत तीच वाट धरली होती. कॉम्प्युटर काय आहे, हे मी सांगत बसलो असतो तर मंडळी पेंगली असती. टेबलावर कोकम सांडले आणि सगळे जागे झाले.

तेव्हा भिऊ नका. कॉम्प्युटर म्हणजे सांगितलेले काम सांगितल्या क्रमाने करणारा नोकर. चुकीचे सांगाल तर चूकही तो बिनतक्रार करील. म्हणून सांगणाऱ्याला लिहिता, वाचता आणि मोजता आले पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. एका पंपातून २० सेकंदांत ४० मिलिलिटर पाक येतो. ५० मिलिलिटर पाकासाठी पंप किती सेकंद चालवावा?
२. टाकीतले पाणी कमी झाले की तोटीची धार बारीक का होते?
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी कोणत्या यंत्राला राखणीचे बटण आहे? ते कशासाठी आहे, हे चार ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.